उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत

मागच्या गल्लीत दारं होती एकोणीस. दिव्याचे खांब चार, त्यातला एक बंद. दुकानं सहा. सायकली उभ्या सात आणि आडवी एक. दाराबाहेर मांडलेल्या खुर्च्या शून्य.

"आणि कुत्रं?" दुकानाच्या पायरीवरून धाकटीने विचारलं.

"कुत्रं नाही मोजायचं," हातात टेप घेतलेली मुलगी म्हणाली.

"बघा हं. गल्लीत कोण आलं, कोण गेलं याची खबर तेच ठेवतं. तुमचे पोलीस कुठे ठेवतात?"

मुलगी हसली आणि तिने कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुत्रंही लिहून टाकलं. ती विद्यापीठातून आली होती. चौकीच्या हद्दीत दहा गल्ल्या होत्या. त्यातल्या पाच गल्ल्यांत पुढचे तीन महिने रोज एक पोलीस पायी फिरणार होता. उरलेल्या पाचांत नेहमीसारखी गाडी, तीही मनात येईल तेव्हा. तीन महिन्यांनी दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे आणि पोलीस नुसता डोळ्यांना दिसत राहिल्याने काही फरक पडतो का ते बघायचं, असा तो प्रयोग होता. आठवडाभरात दहाही गल्ल्या त्या मुलीला मोजणीवाली म्हणू लागल्या.

"पण खुर्च्या कशाला हो मोजता?"

"भीती वाटते का असं विचारलं की सगळे नाही म्हणतात. मग मी खुर्ची कुठे मांडलीय ते बघते. चौकीतल्या साहेबांनी हे मागितलेलं नाही. माझं आपलं."

धाकटीच्या घरातली खुर्ची कुठे होती ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती आत होती, पार मागच्या भिंतीला टेकून, आणि तिच्यावर सासूबाई बसल्या होत्या, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

सासऱ्यांच्या वेळी दुकान एकच होतं, पुढच्या गल्लीपासून मागच्या गल्लीपर्यंत आरपार. ते गेल्यावर दोघा भावांनी मधोमध भिंत घातली. थोरल्याच्या वाट्याला पुढचा भाग आला, त्यात त्याने कुलपं आणि चाव्या मांडल्या. धाकट्याच्या वाट्याला मागचा. तिथे धाकटी आणि तिचा नवरा पिशव्या, बॅगा दुरुस्त करत: तुटलेले पट्टे, अडकलेल्या चेन, उसवलेले तळ. दुकानांच्या मागेच दोन्ही घरांच्या खोल्या होत्या. भिंत एका विटेची, तिच्यातून शिंकसुद्धा ऐकू येई. धाकटीचा नवरा म्हणे, "जागा वाटली, आवाज मात्र एकत्रच राहिला."

आईची वाटणी झाली नव्हती. ती आपण होऊन धाकटीकडे राहिली, त्याला अकरा वर्षं होऊन गेली. थोरलीकडे रुंद दार होतं, रहदारीची गल्ली होती, उधार न मागणारं गिऱ्हाईक होतं. धाकटीकडे सासूबाई होत्या. सासूबाई काही गरीब गाय नव्हत्या; चेन उलटी बसवली तर तोंडावर सांगत आणि चहा फिका झाला तर शेजारणीला सांगत. पण धाकटीला तेवढं पुरे होतं, कारण थोरलीकडे त्या नव्हत्या.

आठ महिन्यांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी सासूबाईंच्या खांद्यावरची पिशवी ओढली. पिशवी धाकटीनेच शिवलेली. पट्ट्याला चौकोनी टाका, त्यावर दुहेरी दोरा. पट्टा तुटला नाही. चोराने ओढलं, पट्ट्याने सोडलं नाही, आणि सासूबाई फरफटत जाऊन मनगटावर पडल्या. पिशवी वाचली, मनगट मोडलं. थोरली बघायला आली तेव्हा तिने आधी प्लास्टरकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या पिशवीकडे.

"शिलाई कच्ची असती ना, तर आई पडल्या नसत्या," ती म्हणाली. अगदी सहज. थोरली सगळं सहजच बोलायची.

तेव्हापासून खुर्ची आत होती.

गल्ल्या निवडायच्या दिवशी चौकीच्या अंगणात बरीच माणसं जमली. साहेबांनी दहा चिठ्ठ्या आपल्या टोपीत टाकल्या आणि टोपी हलवून विचारलं, "कोण काढतंय? नंतर आमच्या नावाने बोंब नको."

मागच्या गल्लीतल्या सायकलवाल्याने धाकटीला पुढे ढकललं. "ही काढेल. हिचा हात बसलेला आहे."

धाकटीने मनात एकच गोष्ट मागितली आणि टोपीत हात घातला. पहिल्या चार चिठ्ठ्या कुठल्या कुठल्या गल्ल्यांच्या निघाल्या. पाचवी तिने उलगडली, स्वतःशी वाचली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"पुढची गल्ली," साहेबांनी वाचलं.

"तुझ्या हाताला गुण आहे हो, धाकटे," मागून थोरली म्हणाली.

पुढच्या गल्लीत जो पोलीस आला तो उंच, किडकिडीत आणि तळपाय जरा आत वळवून चालणारा होता. गल्लीने दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव पायगाडी ठेवलं. पायगाडी सकाळी एक फेरी मारी आणि संध्याकाळी दोन. खरं पाहिलं तर तो करत काहीच नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून चालायचं, बंद दुकानाचं कुलूप एकदा ओढून बघायचं, आणि जो दिसेल त्याला काहीतरी विचारायचं. नळाला पाणी आलं का. पोराचा खोकला गेला का. एवढ्यासाठी सरकार त्याला पगार देत होतं.

सासूबाई पहिल्या दिवशी नुसत्या बघायला गेल्या. "कसा आहे बघून तर येते." आल्या त्या हसत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गेल्या, संध्याकाळी आल्या. दोन आठवड्यांनी त्यांनी कपड्यांचे दोन जोड पिशवीत भरले.

"तीन महिने तिकडेच राहते म्हणते. हे गस्तीचं आहे तोवर. मग येतेच की परत."

"इथे काही कमी पडलं का, आई?" धाकटीने विचारलं.

"कमी कशाला पडेल? पण तिथे कसं, कुणीतरी आत्ता येणार आहे हे माहीत असतं. मग दाराशी बसायला काही वाटत नाही." सासूबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "आणि ही पण घेऊन जाते. दुसरीवर माझी कंबर टिकत नाही."

धाकटीच्या नवऱ्याने खुर्ची डोक्यावर घेतली आणि वळसा घालून पुढच्या गल्लीत पोचवली. परत आल्यावर घाम पुसत म्हणाला, "बरं झालं, जरा जागा झाली." धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेला दिवसभर तोंड उघडलं नाही.

आता धाकटी शिलाई मशीनवर बसली की तिचे कान भिंतीला असत. रोज संध्याकाळी आधी बुटांचा आवाज येई, मग खुर्चीचा, मग त्या दोघांचा.

"काय आई, खुर्ची आज दोन बोटं पुढे आली वाटतं?"

"तुला रस्ता कमी पडतो का रे? मग जरा बारीक हो."

"आणखी बारीक झालो तर सापडणार नाही मी."

"तसा सापडतोस कुठे? कामाच्या वेळी पोलीस कधी सापडलाय?"

आणि मग हसू. सासूबाईंचं हसू धाकटीच्या ओळखीचं होतं. आधी नाकातून यायचं, मग खांदे हलायचे, मग आवाज फुटायचा. अकरा वर्षांत तिने ते किती मेहनतीने मिळवलं होतं. एकदा नवऱ्याने स्वतःच्या सदऱ्याचं टोक पिशवीत शिवून टाकलं होतं आणि पिशवीसकट उठला होता, तेव्हा ते दिवसभर पुरलं होतं. आणि हा कोण कुठला पायगाडी येता-जाता ते फुकट उचलून नेत होता, तेही थोरलीच्या दारात.

"अहो, ऐकलंत?"

"काय?"

"हसताहेत."

"मग काय रडू दे म्हणतेस आईला?"

"आपल्याकडे आठ महिन्यांत एकदा तरी अशा हसल्या का?"

"आपल्याकडे पायगाडी कुठे आहे?" नवरा म्हणाला आणि दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

उसनी आणलेली कात्री परत करायच्या निमित्ताने धाकटी एका संध्याकाळी पुढच्या गल्लीत गेली. तिला वाटलं होतं त्याहून वाईट होतं. एका दारात शिकवणीच्या बाई मुलांना बाहेरच बसवून पाढे घेत होत्या. समोर दोन म्हातारे पाय पसरून बसले होते, जणू गल्ली त्यांच्या नावावर होती. आणि थोरलीच्या दाराबाहेर, उंबऱ्यापासून चांगली हातभर पुढे, सासूबाई बसल्या होत्या. मांडी रिकामी होती. पिशवी खांद्याला नुसती लटकत होती.

पिशवी नवी होती. दुकानातली.

धाकटीने जवळ जाऊन पट्टा दोन बोटांत धरला. सवयीने. सरळ टाके, तेही लांब लांब, दोरा एकेरी. एका हिसक्यात हातात येईल.

"ताई, ही कुणी घेतली?"

"मीच," थोरली कुलपाला तेल घालत म्हणाली. "छान आहे ना?"

"पट्टा आठवडाभर टिकणार नाही हिचा."

"म्हणून तर घेतली. कुणी ओढलीच तर तुटून जाईल, आई तर उभ्या राहतील."

"आणि तू शिवलेली आहेच गं," सासूबाई घाईने म्हणाल्या. "ट्रंकेत जपून ठेवलीय."

ट्रंकेत. धाकटीने कात्री टेबलावर ठेवली. जरा जोरातच ठेवली गेली. परतीच्या वाटेवर तिला पायगाडी समोरून आला आणि म्हणाला, "तुम्ही मागच्या गल्लीतल्या ना? आई तुमचं फार सांगतात." तिने मान हलवली आणि वाट सोडून निघून गेली. या माणसाच्या तोंडून स्वतःची स्तुती ऐकायची म्हणजे आपलंच घर उसनं मागून आणल्यासारखं होतं.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चेन बसवता बसवता तिला उपाय सुचला. पुढच्या गल्लीला पोलीस मिळाला तो चिठ्ठीच्या नशिबाने. तीन महिन्यांनी साहेब चिठ्ठ्या काढणार नव्हते, आकडे बघणार होते. आणि आकडे कसले? चौकीत नोंदलेल्या तक्रारींचे. मागच्या गल्लीतून महिन्याला एखादी तक्रार गेली तर गेली. चोरी झाली तरी कोण जातंय चौकीत अर्धा दिवस मोडायला? मग साहेबांना कसं कळणार की इथे पोलीस हवाय? कळवलं पाहिजे. पायगाडी मागच्या गल्लीत आला की खुर्चीही मागच्या गल्लीत येईल.

तिने आधी सायकलवाल्याला गाठलं.

"तुमचं काही चोरीला गेलंय का?"

"घंटा गेली होती की. पितळी. पण तिला दोन वर्षं झाली."

"तारीख तुम्ही कशाला सांगताय? घंटा गेली ना? मग गेली."

सायकलवाल्याने डोकं खाजवलं. "मग हवा भरायचा पंप पण घालू का?"

"पंप तर समोर दिसतोय."

"तो नंतर सापडला असं म्हणू."

महिनाभरात मागची गल्ली चौकीच्या वाटेवर लागली. पायपुसणं गेलं. कुंडी गेली. अनोळखी माणूस कोपऱ्यावर संशयास्पद उभा होता. तो कुणाचा तरी जावई निघाला, पण तक्रार आधीच झाली होती. धाकटी स्वतः तीनदा गेली. तिसऱ्यांदा तिने दोरीवरून मोजा चोरीला गेल्याचं सांगितलं.

"मोजे," चौकीतला लिहिणारा म्हणाला.

"नाही. एकच."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, एक मोजा? चोर एका पायाचा होता का?"

"ते तुम्ही शोधायचं. मी कसं सांगू?"

"रंग?"

"करडा. भोक होतं टाचेला."

"म्हणजे ओळख पटायला सोपं," असं म्हणत त्याने लिहून घेतलं.

एकदा या तक्रारींमुळे गाडी खरंच मागच्या गल्लीत आली. काचा बंद, वेग तोच. कुत्रं तिच्यामागे टोकापर्यंत भुंकत गेलं आणि काम संपल्यासारखं परत आलं. सायकलवाला म्हणाला, "आली का आपली पायगाडी?" आणि सगळे हसले. धाकटी हसली नाही. भिंतीपलीकडे त्याच वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज आला होता.

तीन महिने संपले. चौकीच्या अंगणात पुन्हा तीच माणसं जमली. सासूबाई थोरलीचा हात न धरता चालत आल्या आणि दोघी सुनांच्या मधे उभ्या राहिल्या. मोजणीवाली भिंतीशी उभी होती, कपाळाला आठी घालून. साहेबांनी कागद हातात घेतला.

"दोन गल्ल्यांचं उदाहरण सांगतो. पाठीला पाठ लावून आहेत, माणसं सारखी, धंदे सारखे. पुढच्या गल्लीत पायी गस्त होती. आधीच्या तीन महिन्यांत तक्रारी चार, आता दोन. मागच्या गल्लीत गस्त नव्हती. आधी तीन." साहेब थांबले आणि त्यांनी चष्मा वर केला. "आता सव्वीस."

अंगणात कुजबुज झाली. धाकटीने मान ताठ केली. सव्वीस! तिला वाटलं होतं वीसेक असतील.

"याचा अर्थ उघड आहे," साहेब म्हणाले. "पायी गस्तीचा उपयोग होतो. जिथे पोलीस दिसला तिथे गुन्हे कमी झाले, जिथे दिसला नाही तिथे वाढले. म्हणून पुढच्या गल्लीतली गस्त आम्ही कायम करतोय."

"आणि मागच्या गल्लीत?" धाकटीने ओरडूनच विचारलं. "सव्वीस तिकडे आहेत ना, साहेब?"

"बाई, माणसं मोजकी आहेत. जिथे काम होतंय तिथला माणूस काढून कसं चालेल? तुमच्याकडे गाडी वाढवू."

धाकटीच्या डोक्यात ते हळूहळू शिरलं, अडकलेली चेन एकेक दात पुढे जावी तसं. मोजा, कुंडी, पायपुसणं, घंटा. हे सगळं तिने थोरलीच्या गल्लीच्या नावावर जमा केलं होतं. मागच्या गल्लीत जितकं वाईट दिसेल तितकी पुढच्या गल्लीतली गस्त पक्की होणार, हे सांगायला मोजणीवालीची गरज नव्हती, आणि तरी ते तिला तीन महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं.

"सव्वीस," नवरा तिच्या कानाशी म्हणाला. "एक मोजा धरून की सोडून?"

सासूबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. मोडलेल्या मनगटाचाच हात. पकड चांगली आली होती आता. "मग मी राहते गं तिकडेच. तू येत जा संध्याकाळची. पायगाडी पण असतो."

"येईल की," थोरली म्हणाली. "कात्री द्यायला."

दुसऱ्या दिवशी धाकटी चौकीच्या मागच्या खोलीत गेली. मोजणीवाली कागदांच्या ढिगात बसली होती.

"मला काही सांगायचंय," धाकटी म्हणाली. "त्या सव्वीस खऱ्या नाहीत."

मोजणीवालीने मान वर केली. मग तिने यादी ओढून घेतली, पेन्सिल उचलली आणि एकेक नाव वाचायला लागली.

"मोजा?"

"खोटा. तो कपाटामागे होता."

"कुंडी?"

"माझाच धक्का लागून फुटली."

"अनोळखी माणूस?"

"जावई."

"घंटा?"

"घंटा खरी. पण दोन वर्षांपूर्वीची."

पेन्सिल चालत राहिली. शेवटी मागच्या गल्लीत तीन उरल्या. मोजणीवालीने त्या तिनांभोवती गोल केला.

"आकडे बघून मला झोप लागत नव्हती," ती म्हणाली. "तिनाचे सव्वीस होतात कसे? म्हणजे तुमच्याकडे आधी तीन, आता तीन. पुढे आधी चार, आता दोन. आणि पायगाडीने दोन भानगडी तोंडी मिटवल्या, त्या चौकीपर्यंत आल्याच नाहीत. त्या धरल्या तर तिथेही चारच. बाकीच्या आठ गल्ल्यांत तर काही हललंच नव्हतं. फरक नाही."

"मग गस्त?"

"फरक नाही म्हटल्यावर साहेब बंदच करतील." मोजणीवालीने दुसरा कागद पुढे सरकवला. "पण हे बघा. पुढच्या गल्लीत बाहेर मांडलेल्या खुर्च्या आधी दोन होत्या, आता नऊ. तुमच्या सासूबाईंची खुर्ची तिकडे आली त्या आठवड्यात उंबऱ्यावर होती. आता शहाण्णव सेंटीमीटर बाहेर आहे. मी दर आठवड्याला टेप लावलीय. साहेबांना दाखवलं. म्हणाले, खुर्च्यांसाठी मला वरून माणूस मिळणार नाही, तक्रारी किती ते सांग."

धाकटीने आकड्यांची ती चढती रांग पाहिली. शून्य, अकरा, वीस, चौतीस. भिंतीला कान लावून तिने यातला प्रत्येक आकडा ऐकलेला होता.

"तुम्हाला कळतंय ना, तुमच्या सांगण्याने काय होईल?" मोजणीवालीने विचारलं.

"तुम्हाला खरे आकडे हवे होते ना?"

मोजणीवाली म्हणाली, "हो. हवे होते."

"मग मी खरं तेच सांगितलं," धाकटी म्हणाली, आणि ते खरंच होतं. घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते.

गस्त पुढच्याच आठवड्यात बंद झाली. पायगाडी शेवटच्या दिवशी खुर्चीपाशी थांबला तेव्हा धाकटीने मशीन थांबवलं.

"आता गाडीत बसायचं, आई. पाय तरी सुजायचे थांबतील."

"हो का? बस बाबा. लठ्ठ होऊ नकोस."

एवढंच. हसू आलं नाही.

धाकटीने दोन दिवस वाट पाहिली, तिसऱ्या दिवशी ती सासूबाईंना आणायला गेली. थोरली दारात उभी होती, हात चौकटीला लावून, आणि आत वळून बोलत होती.

"राहा ना, आई. गस्त गेली म्हणून काय झालं? मी आहे की. दार उघडं ठेवून बसू दोघी."

"नको गं," आतून सासूबाई म्हणाल्या. "आतच बसायचं तर मग माझ्या जुन्या जागी बसते. तिथली भिंत सवयीची आहे."

धाकटीने ते ऐकलं. थोरलीने मागे वळून तिला पाहिलं. थोरलीचा चेहरा धाकटीला ओळखीचा वाटला. तीन महिने रोज आरशात पाहिलेला. कपड्यांची पिशवी थोरलीने स्वतः आणून दिली, आणि वर ती नवी, दुकानातली, एकेरी दोऱ्याची पिशवीही ठेवली.

"घे," ती म्हणाली. "सगळंच घे."

खुर्ची या वेळी धाकटीने स्वतः उचलली. घरी पोचल्यावर तिने ती आत नेली नाही. दुकानाच्या पायरीजवळ, मशीनच्या शेजारी, बाहेर मांडली. सासूबाई थोडा वेळ बसल्या. कोपऱ्यावरून एक सायकल वळली तशा उठल्या, खुर्ची धरली आणि फरशीवरून करकर ओढत आत नेली. दुसऱ्या दिवशी धाकटीने परत बाहेर मांडली. सासूबाईंनी परत आत ओढली. तिसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, तिचे पाय झिजतील." खुर्चीचे म्हणायचं होतं की आईचे, ते त्याने सांगितलं नाही.

"आई, चहा बाहेर घेता का? मी आहे ना शेजारी."

"तू मशीनकडे बघतेस गं. ते बरोबरच आहे. काम आहे तुझं." सासूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली. चौकोनी टाक्याची, दुहेरी दोऱ्याची. "कडी तेवढी लावून घे."

पंधरा दिवसांनी मोजणीवाली शेवटच्या नोंदी घ्यायला आली. प्रयोग कधीच संपला होता आणि साहेबांनी हे अजूनही मागितलेलं नव्हतं. तिची टेप गुंडाळताना तुटली होती, म्हणून तिने धाकटीकडे पिशव्या मापायची कापडी टेप मागितली.

"एक टोक उंबऱ्यावर धराल का?" तिने विचारलं. "बरोबर कडेला."

धाकटी खाली वाकली आणि तिने टेपेचं टोक अंगठ्याखाली दाबून धरलं. मोजणीवाली दुसरं टोक घेऊन आत गेली. टेप संपली, तेव्हा तिथे खडूने खूण करून तिने ती पुन्हा लावली. सासूबाईंनी पाय जरा बाजूला घेतले आणि विचारलं, "माझं माप कशाला घेतेस, पोरी?"

"तुमचं नाही, आजी. खुर्चीचं."

मग तिने कागदावर लिहिलं. त्या पंधरा दिवसांत चौकीत आलेल्या तक्रारी: पुढची गल्ली एक, मागची गल्ली एक. खुर्चीचे पुढचे पाय: उंबऱ्याच्या आत, दोन मीटर चौदा सेंटीमीटर.